चौथ्या नंबरची दोरीना

इटलीत दोरीनाला न ओळखणारा माणूस शोधायचा म्हटलं, तर पाळण्यातल्या बाळांपासून सुरुवात करावी लागली असती. पेट्रोलपंपावर गाडी उभी केली की पंपावरचा माणूस काच पुसता पुसता थबकायचा, तिच्याकडे निरखून बघायचा आणि चार बोटं वर करायचा. बेकरीत पाव घ्यायला गेली की बेकरीवाली चार बोटं वर करायची. एकदा तर एका लग्नात खुद्द पाद्रीबाबांनी, नवरानवरीला आशीर्वाद देऊन झाल्यावर, तिला हळूच चार बोटं दाखवली होती.

चार, कारण दोरीना कायम चौथी यायची.

तिचा खेळ स्कीवर धावायचा. डोंगरावरून सुसाट घसरत येतात ते खेळाडू वेगळे. त्यांचं अर्धं काम डोंगरच करून टाकतो. दोरीनाच्या शर्यतीत रानातून, बर्फात पाडलेल्या दोन खाचांमधून, तीस-तीस किलोमीटर आपल्याच छातीच्या जोरावर जायचं, आणि चढ आला तर तोही आपणच चढायचा. कितीतरी हिवाळे ती देशाच्या संघात होती. नॉर्वेत चौथी, फिनलंडमध्ये चौथी, एवढं लांब जपानला विमानाने जाऊन तिथेही चौथी. एकदाच काय ती तिसरी आली होती, पण फोटो मोठा करून तपासला तेव्हा तीही चौथीच निघाली.

मेडलं मिळतात तिघींना. मग चौथीला काय? तर त्या देशात म्हणतात, "लाकडी मेडल." म्हणजे काहीच नाही, बोलायची एक पद्धत. पण दोरीनाचं गाव सोरावेदा, तिथली माणसं डोंगरातली, त्यांना नुसतं बोलून चैन पडत नाही. ती पहिल्यांदा चौथी आली तेव्हा गावचा सुतार ओस्वाल्दो याने लार्चच्या लाकडाचं खरंखुरं मेडल बनवलं, त्यावर एक गाय कोरली, आणि गावच्या बारमध्ये सगळ्यांसमोर ते तिच्या गळ्यात घातलं. टाळ्या झाल्या, गाणी झाली, ग्राप्पा दारूचे पेले रिकामे झाले. कुणीतरी काढलेला फोटो पेपरात गेला, पेपरातून टीव्हीवर गेला, आणि सकाळ होईपर्यंत दोरीना अख्ख्या देशाची लाडकी झाली होती!

मग काय विचारता. गणितात नापास होऊन आलेल्या पोराला आया सांगायला लागल्या, "रडतोस काय, दोरीनाकडे बघ." बिस्किटाच्या पुड्यावर तिचा हसरा चेहरा आला आणि खाली लिहिलं होतं, चौथं बिस्किट फुकट. तिच्यापुढे आलेल्या मुलींची नावं कुणाला आठवायची नाहीत. हिचं मात्र सगळ्यांना पाठ. गावाने ओस्वाल्दोच्या अध्यक्षतेखाली तिच्या चाहत्यांचं मंडळच काढलं, आणि प्रत्येक शर्यतीला ते मंडळ बस करून, गायींच्या गळ्यातल्या घंटा घेऊन हजर.

दोरीना हसायची. तिला हसताही छान यायचं. पण दर वेळी भिंतीवर नवं लाकडी मेडल टांगताना तिला वाटायचं, आपण खिळाच ठोकतोय, आणि तो भिंतीत जात नाहीये.

त्या वर्षी तिने सांगून टाकलं की या हिवाळ्यातली शेवटची शर्यत हीच आपली शेवटची. शर्यतीची जागा लांब नव्हती. घाट ओलांडला की पलीकडच्या खोऱ्यात. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात ती ओस्वाल्दोकडे गेली. धार काढायला बसतात ते मावशीचं तीन पायांचं स्टूल, त्याचा एक पाय निखळला होता, तो बसवून घ्यायचा होता. ती दारात दिसताच ओस्वाल्दोने घाईघाईने कसल्याशा वस्तूवर पोतं टाकलं.

"काका, ते काय आहे?"

"आँ?" बारा महिने लाकूड कापून आणि घंटा बडवून ओस्वाल्दोचे कान कामातून गेले होते.

"त्या पोत्याखाली काय आहे?" ती मोठ्याने म्हणाली.

"उंदीर."

"उंदराला रिबीन असते?"

ओस्वाल्दोने रिबिनीकडे पाहिलं, दोरीनाकडे पाहिलं, आणि मग त्याला राहवेना. त्याने पोतं बाजूला केलं. जेवायच्या ताटाएवढं मेडल! कडेने फुलांची वेल, मध्ये गाय, आणि गायीच्या पोटावर ठळक चार.

"अक्रोडाचं लाकूड आहे. लार्च नव्हे, हां! शेवटचं आहे ना, म्हटलं होऊ दे खर्च."

"पण शर्यत तर अजून व्हायचीये, काका."

"म्हणून तर आत्ताच करून ठेवलं. घाईत कोरलं की गायीचे पाय वाकडे येतात."

माणूस इतक्या मायेने बोलत होता की चिडायलाही जागा नव्हती. "छान झालंय," ती म्हणाली, स्टूल दुरुस्त करून घेतलं आणि घरी आली.

गोठ्यात ओतिलियामावशी पाटी उपडी घालून तिच्यावर बसली होती आणि धार काढत होती. दोरीनाची आई गेल्यापासून मावशीनेच तिला वाढवलेलं. मावशीचं वय गावात कुणी विचारत नसे आणि तिच्याशी वादही कुणी घालत नसे.

"मावशी, मला एकदा पहिलं यायचंय. एकदाच."

"मग ये की. मी काय तुझी शेपूट धरून ठेवलीये?"

"लोकांना मी चौथी आलेलीच आवडते गं."

"लोकांना शेजारणीचं दूध नासलेलंही आवडतं. लोकांचं काय घेऊन बसलीस!"

दोरीना भिंतीला टेकून उभी राहिली. "कधी कधी वाटतं, जाऊच नये. आत्ताच सोडून द्यावं."

बादलीतला दुधाचा आवाज क्षणभरही थांबला नाही. "अर्ध्या धारेवरून उठतं का कुणी?" मावशी म्हणाली. "गाय बिघडते."

हे नुसतं बोलणं नव्हतं. दोरीनाची आई खाली शहरातल्या दवाखान्यात वारली, तो निरोप आला तेव्हाही मावशी धारच काढत होती. तिने ऐकून घेतलं, गायीच्या पोटाला कपाळ टेकवलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत धार काढली. मग उठली, मूठभर वाळलं गवत घेतलं आणि पुढच्या गायीच्या घंटेत कोंबलं. त्या गावची रीतच तशी. प्रत्येक घराची एक मोठी घंटा, तिचा आवाज अख्खं गाव डोळे मिटून ओळखतं. शरद ऋतूत गायी वरच्या कुरणातून उतरतात तेव्हा शिंगांना फुलं बांधतात, घंटा वाजवत वाजवत आणतात. पण ज्या घरातलं माणूस गेलं असेल, त्या घरच्या गायीला फुलं नाहीत आणि घंटेच्या पोटात गवत. घंटा हलते, वाजत नाही. वेगळं काही सांगावं लागत नाही.

मावशीच्या घरची घंटा गावात सगळ्यात मोठी. काळ्या पट्ट्याची, घोगऱ्या आवाजाची. मावशीला ती आता उचलत नसे, म्हणून शर्यतीला ती ओस्वाल्दो दोन्ही हातांनी हलवायचा.

शर्यतीच्या सकाळी घाटात बर्फ पडलं. दोरीनाच्या स्कीला मेण लावणारा माणूस मेणाची वडी घासता घासता म्हणाला, "तुझी मंडळी अडकलीत वाटतं वर. बसचा पत्ता नाही."

"येतील," दोरीना म्हणाली. अकरा वाजता बंदुकीचा बार झाला आणि सगळ्याजणी निघाल्या.

एकाच वाटेने तीन फेऱ्या मारायच्या होत्या. मोठ्या चढाच्या माथ्यावर, फरच्या झाडांखाली एक वळण होतं; मंडळ कायम तिथेच उभं राहायचं. पहिल्या फेरीत वळण रिकामं. दुसऱ्या फेरीतही रिकामं. नुसता झाडांवरून बर्फ ओघळल्याचा आवाज. दोरीनाला आधी चुकल्याचुकल्यासारखं झालं, आणि मग गंमत म्हणजे बरं वाटायला लागलं. चार बोटं दाखवणारं कुणी नाही, गाणारं कुणी नाही. नुसता आपला श्वास, काठ्यांची टोकं बर्फात रुतल्याचा करकर आवाज, आणि पायाखाली स्की अशी पळत होती जशी लोण्यातून सुरी. तिसऱ्या फेरीच्या मोठ्या चढावर पुढे दोघीच उरल्या, ती आणि नॉर्वेची मुलगी. चढाच्या मध्यावर दोरीनाच्या लक्षात आलं की मागचा श्वास ऐकू येत नाहीये. तिने मान वळवून पाहिलं. नॉर्वेवाली बरीच खाली राहिली होती.

दोरीना पहिली होती. कुणी पडलं नव्हतं, कुणी आजारी नव्हतं. ती आपली पहिली होती!

आणि तेवढ्यात वळणावरून घंटा ऐकू आल्या. आले! बस पोचली होती, सगळे धापा टाकत वळणापर्यंत पळत आले होते. दोरीनाने कानात प्राण आणून ऐकलं. ही बारवाल्यांची किणकिणी, ही गिरणीवाल्यांची, ही पाद्रीबाबांची चिरकलेली. आपली कुठाय?

ती वळणावर आली आणि तिने पाहिलं. ओस्वाल्दो सगळ्यांच्या पुढे उभा राहून काळ्या पट्ट्याची घंटा दोन्ही हातांनी जीव खाऊन हलवत होता. घंटा वाजत नव्हती. तिच्या तोंडातून गवताच्या काड्या बाहेर आल्या होत्या. आणि मावशी कुठेच नव्हती.



"कधी?" ती ओरडली.

ओस्वाल्दोने घंटा काखेत मारली आणि दोन्ही हातांची बोटं पसरली. "दहा!" तो आनंदाने ओरडला. "दहा!"

आणि ती पुढे निघून गेली, कारण उतार होता आणि उतारावर थांबता येत नाही.

दहा. दहा वाजता. म्हणजे बस बर्फामुळे अडकली नव्हती. म्हणजे इथे सगळ्यांना माहीत होतं, मेणवाल्यालाही असेल, आणि कुणी बोललं नाही, तिने शर्यत नीट पुरी करावी म्हणून. आणि ओस्वाल्दो हसत का होता? तर तिला धीर यावा म्हणून, दुसरं काय. तिचे पाय आपोआप चालले होते. थांबावं का? वाटेच्या कडेला स्की काढून ठेवाव्यात, बर्फात बसावं आणि मोठ्याने रडावं? कोण नको म्हणणार होतं? पण थांबून मावशी परत येणार होती थोडीच! उलट वरून बघत असली तर म्हणेल, उठलीस ना अर्ध्या धारेवरून, गाढवे!

म्हणून ती धार काढत राहिली. काठी, पाय, काठी, पाय. डोळ्यांतलं पाणी वाऱ्याने कानांकडे जात होतं. तिला गर्दी दिसली नाही, फलक दिसला नाही. लाल रेघ आली, ती तिने ओलांडली, आणि थांबली. मग डोक्यावरची लोकरी टोपी काढली, दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि मान खाली घालून उभी राहिली.

टीव्हीवर समालोचन करणारा खुर्चीतून उठूनच बोलायला लागला. "बघा, बघा! एवढ्या वर्षांनी जिंकली, आणि हातसुद्धा वर केले नाहीत! काय ही नम्रता!" अख्ख्या देशाने ते पाहिलं. अख्खा देश हळवा झाला. आणि मग जाहिराती लागल्या.

नॉर्वेवाली दुसरी आली आणि तिच्या गळ्यात पडली. "जिंकलीस! अगं, जिंकलीस तू!"

"माझी मावशी गेली," दोरीना म्हणाली.

नॉर्वेवालीला रडू फुटलं. तिसरी आली, तिने विचारलं काय झालं, तीही रडायला लागली. चौथीला तर कुणी काही सांगितलंच नाही, तरी तिघींना बघून तिनेही डोळ्यांना हातमोजे लावले. ही गोष्ट माइकवाल्यापर्यंत पोचली. तो भला माणूस. त्याने आवाज खाली आणला आणि जमलेल्या सगळ्यांना विनंती केली की दोरीनाच्या दिवंगत मावशीसाठी आपण क्षणभर शांत उभं राहू या.

टोप्या उतरल्या. झेंडे खाली आले. एवढी मोठी गर्दी, पण बर्फ पडेल तर त्याचाही आवाज ऐकू येईल अशी शांतता.

आणि त्या शांततेत, खाण्याच्या टपरीकडून, खणखणीत आवाज आला.

"याला पोलेंता म्हणतोस? मक्याच्या पिठाची खळ केलीयेस! पोस्टर चिकटवायचीत का मला?"

दोरीनाने मान वर केली.

टपरीसमोर ओतिलियामावशी उभी होती. एका हातात कागदी ताटली, दुसऱ्या हातात चमचा, आणि समोर पोलेंतावाला टोपी छातीशी धरून पांढराफटक.

स्की पायात असताना कुणी असं धावू शकतं हे दोरीनाला तोवर माहीतच नव्हतं. ती मावशीवर जाऊन आदळली. ताटली उडाली.

"अगं, अगं! पैसे दिलेत मी त्याचे!"

"मावशी, तू मेली नाहीस?"

"मी कशाला मरू? भूक लागली म्हणून बसमधून उतरून इथेच थांबले. कुणी सांगितलं?"

"काकांनी!"

एव्हाना ओस्वाल्दो आणि मंडळ वळणावरून घसरत, पडत, धापा टाकत खाली पोचलं होतं. "मी?" ओस्वाल्दो म्हणाला. "मी कधी सांगितलं? तू विचारलंस 'किती', मी म्हटलं दहा. दहा सेकंदांनी पुढे होतीस!"

"मी विचारलं, 'कधी'!"

"मला 'किती' ऐकू आलं."

"तुला आजवर कधी काय नीट ऐकू आलंय?" मावशी म्हणाली. "आणि ती घंटा दे इकडे." तिने घंटेत बोट घातलं. गवत बर्फासारखं कडक होऊन आतल्या लोलकाला घट्ट चिकटलं होतं. "हे काय आहे?"

ओस्वाल्दोचा चेहरा उतरला. "तो ड्रायव्हर म्हणाला, घाटात या घंटांनी माझं डोकं फुटेल. म्हणून सगळ्यांत गवत भरलं. वर बस रुतली, ढकलायला उतरलो, तेव्हा भिजलं वाटतं. बाकीच्यांनी आपापलं काढलं. ही... ही वाजत नव्हती?"

"नाही!" सगळं मंडळ एका सुरात ओरडलं.

"मला वाटलं वाजतेय," ओस्वाल्दो म्हणाला. "हातांना तर तसंच लागत होतं."

आधी मावशी हसली. मग दोरीना हसायला लागली, आणि ती थांबेचना. हसता हसता ती बर्फात बसली. नॉर्वेवालीला कुणीतरी मोडक्या इंग्रजीत समजावलं, तर ती पुन्हा रडायला लागली, या वेळी हसून हसून. ओस्वाल्दोने कोटाच्या आतून ते ताटाएवढं मेडल काढलं आणि खाली मान घालून म्हणाला, "मग हे आता चुलीत घालतो."

"घालाच," दोरीना म्हणाली. "अक्रोड आहे, चांगलं जळेल."

तो एवढ्या मोठ्याने हसला की त्याला स्वतःलाही ऐकू आलं असावं.

मावशी मात्र काहीतरी विचार करत होती. "एक सांग. जिंकलीस, मग हात वर केलेस ना?"

"कशी करणार? तू मेली होतीस."

"म्हणजे बारा गावं पालथी घालून, एवढ्या वर्षांनी पहिली आलीस आणि ओरडलीसुद्धा नाहीस? माझ्यामुळे?" मावशीने कमरेवर हात ठेवले. "ते काही नाही. आता कर."

"आता काय? संपलं ते."

"कुठे संपलंय? अजून येताहेत की पोरी."

खरंच येत होत्या. शर्यतीत मागच्यामागे राहिलेल्या मुली अजून एकेक करून रेघ ओलांडत होत्या. टीव्हीच्या माणसांनी केबली गुंडाळायला घेतल्या होत्या; त्यांच्या दृष्टीने गोष्ट सांगून झाली होती.

दोरीनाने टोपी डोक्यावर चढवली आणि काठ्या उचलल्या. कुंपणाच्या कडेकडेने ती उलट्या दिशेने वर निघाली. झेंडा घेतलेला एक अधिकारी धावत आला. "बाई, बाई! तुमची शर्यत झाली. पुन्हा ओलांडता येत नाही. नियम आहेत!"

"लिहून घेऊ नका मग," दोरीना म्हणाली. "मी आपली अशीच येतेय."

"अशीच म्हणजे?"

"बाजूला हो रे पोरा, थंडी लागेल," मावशी त्याला म्हणाली, आणि का कोण जाणे, तो झालाही बाजूला.

शेवटच्या उताराच्या माथ्यावर दोरीना थांबली. सगळ्यात शेवटची मुलगी येत होती. अर्जेंटिनाची होती, पाठीवरचा नंबर सुटून फडफडत होता, तोंड लालबुंद, पायांत गोळे आलेले. वर उभ्या असलेल्या दोरीनाला बघून ती दचकली.

"तू इथे काय करतेस? जिंकलीस ना तू?"

"हो," दोरीना म्हणाली. तो शब्द तिने पहिल्यांदाच तोंडाने म्हटला, आणि तो बर्फासारखा नाही, गरम पावासारखा लागला. "चल. बरोबर जाऊ."

दोघी उतारावर निघाल्या. खाली आता फारसं कुणी उरलं नव्हतं. सोरावेदाची माणसं, पोलेंतावाला, नॉर्वेवाली आणि दहा-वीस रिकामटेकडे. घोगरी घंटा अजून मुकीच होती, म्हणून मावशी तिच्यावर चमच्याने ठाणठाण बडवत होती. रेघ जवळ आली. दोरीनाने काठ्या फेकून दिल्या, दोन्ही हात आभाळात घातले आणि ओरडली. त्या ओरडण्यात शब्द एकही नव्हता. अर्जेंटिनाच्या मुलीला वाटलं, या देशात असंच करायचं असतं; तीही हात वर करून, गळा फाडून ओरडली. आणि दोघी तशाच ओरडत, हात वर, रेघ ओलांडून पार कुंपणाजवळच्या भुसभुशीत बर्फात जाऊन पडल्या.